सहाव्या पिढीचा शुद्ध कोबी

४ फेब्रुवारी
शपथ घेतली. या हंगामात माझा कोबी सहाव्या पिढीत जाणार. पिढ्यान्‌पिढ्या फक्त स्वतःच्याच परागांवर वाढलेला, परक्या रक्ताचा थेंब नसलेला. संशोधन केंद्राच्या समितीने त्याला शुद्ध ठरवलं की कोबी विभाग माझ्या हाती. मग इथल्या शेणाच्या गोळ्यांना शास्त्र म्हणजे काय ते दाखवतो. उद्यापासून पहाटे उठणे.

५ फेब्रुवारी, सकाळी दहा
गजर पुचाट निघाला.

११ फेब्रुवारी
कोबीचं फूल मानी. उमललं की स्वतःचेच पराग धुडकावतं. म्हणून कळी कोवळी असतानाच चिमट्याने उघडायची, त्याच झाडाचे पराग ब्रशने लावायचे, वर कागदी पिशवी. माझा ब्रश सापडेना. शेजारच्या टेबलावर एक बाई कोबीच्याच भाऊबंदातल्या नवलकोलावर काम करतात (त्याला काम म्हणायचं तर), त्यांचा उचलला. म्हणाल्या, साहेब, आधी स्पिरिटमध्ये बुडवा, त्याला माझ्या नवलकोलाचे पराग असतील. मी म्हटलं, बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी कळ्या फोडतोय. स्पिरिट हे भित्र्यांचं शास्त्र. ब्रशच्या टोकाला जरा पिवळं होतं. फुंकर मारली.

३० एप्रिल
शेंगा टम्म. मागच्या पिढीत दाणे भिंगाने शोधावे लागले होते. याला हातगुण म्हणतात.

२ जून
जुनं-नवं सगळं बी पेरलं. मागे राखून ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

२७ जून
रोपं पैलवान. कोपऱ्यात मात्र चारदोन किरटी, पिवळट, मान टाकलेली. बायको बघायला आली आणि म्हणाली, ही तुमच्या घराण्यावर गेलीत. पिढीगणिक केस कमी, बोलणं जास्त. अडाणीपणाला इलाज नाही.
बाईंनीही नाक खुपसलं. म्हणे स्वतःच्याच परागांवरचं रोप पिढीगणिक खंगतं, तेव्हा ही किरटीच तुमची खरी, जपा. मत्सर किती गोड बोलतो! मी ठणकावलं की मी दुबळ्यांची पैदास करायला बसलेलो नाही.

२८ जून
किरटी उपटून खताच्या खड्ड्यात. समितीपुढच्या भाषणाला सुरुवात: शुद्धता म्हणजेच बळ.

८ सप्टेंबर
गड्डा धरत नाही. थोरामोठ्यांना वेळ लागतोच. खोड मात्र फुगून गोळा झालंय. पाया भक्कम. भाषणात घातलं.

३ ऑक्टोबर
समिती आली. मी भाषणाच्या दुसऱ्या पानावर असतानाच अध्यक्ष वाकले, खोडाचा गोळा दाबला आणि बाईंना विचारलं, हा तुमचा नवलकोल ना? बाई खाली बघत म्हणाल्या, अर्धा. मग अध्यक्ष मला म्हणाले, असू द्या, चुका होतात. खरी किरटी रोपं राखली असतील ना? की थोडं जुनं बी?
तिसरं पान वाचलं नाही.

१ नोव्हेंबर
विभाग बाईंकडे. मी त्यांच्या हाताखाली. काम: रोज सकाळी सगळ्यांचे ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणे. घरी एक गोळा नेला होता. बायकोने दोनदा वाढून घेतला. म्हणाली, इतक्या वर्षांत तुमचं पहिल्यांदा काही खाण्यासारखं झालं.
ब्रश बुडवायची इथली पद्धत साफ चुकीची आहे. उद्यापासून पहाटे उठून सुधारतो.