पारूची खिडकी

३ नोव्हेंबर, सोमवार

पारूला सोयगावच्या गाडीत खिडकीची जागा धरली, तिचा खरा खर्च असा: शर्टाचं बटण, गुडघ्याचं सालटं, दुपारभर बंद दुकान आणि हर्सूलहून परत यायची रिक्षा. जागा मिळाली. बहीण स्टेशनवरच राहिली!

काय म्हणावं या नव्या स्टेशनाला! खाली रेल्वे, वर एसटी, मधे सरकते जिने. दोन्हीकडचे भोंगे एकदम बोलतात. एक म्हातारबा मलाच विचारतो, "वेरूळची रेल्वे कोणत्या फलाटावर?"

जुन्या स्टँडवर पेरूच्या पाट्या वाहिल्या मी. तिथंच पुढं बॅगांचं दुकान टाकलं. गाडी आत वळली की नुसत्या आवाजावरून सांगायचो — कुठल्या डेपोची, ड्रायव्हर कोण. थांबायच्या आत माझा रुमाल खिडकीतून सीटवर! लग्न झाल्यापासून पारू माहेरून जाताना कधी आतल्या सीटवर बसली नाही. खिडकी म्हणजे खिडकी. अख्ख्या सोयगावात विचारा.

आज गाडी आली विजेची. काचा पक्क्या बंद. रुमाल फेकला तो काचेवर आपटून माझ्याच तोंडावर. मग दारातून घुसलो, कॉलेजची दोन पोरं बाजूला सारली, पुढची खिडकी धरून पाय पसरून बसलो. पारू पिशवी घेऊन जिन्याशी. इंजिन सुरू झालं की हाक मारू, म्हटलं. इंजिन काही सुरू होईना. बाहेर बघतो तर स्टेशन मागं चाललंय! आवाज नाही, धक्का नाही, काही नाही!

"थांबवा! माझी बहीण खाली हाय!"

कंडक्टर म्हणतो, "मग काका, तुम्ही कशाला बसले?"

सगळी गाडी हसली. पहिला थांबा हर्सूल.

४ नोव्हेंबर

पारूचा फोन. मागच्या गाडीनं फर्दापूरपर्यंत उभी गेली. "दादा, मी आता डोळ्याला येत नसते. लई झालं."

दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन आहे तिच्या. एक जरी चुकलं तरी डावा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलंय. उजव्यानं आधीच अंधुक. अंगणवाडीतली पोरं आता आवाजावरून ओळखते. आणि एका स्टेशनापायी येत नाही म्हणते!

९ नोव्हेंबर, रविवार

स्टेशनच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, विजेच्या गाड्यांना उघडत्या खिडक्या बसवा.

"काका, एसी आहे त्यात."

"मग माणसानं जागा धरायची कशी?"

"मोबाईलवर."

घरी सूनबाईचंही तेच. "मामा, मी करते ना आत्याचं बुकिंग!"

म्हटलं, "रूपाली, ज्यांना हात नाहीत त्यांनी करावं बुकिंग."

"बरं," म्हणून आत गेली. हिचं "बरं" मी चांगलं ओळखतो. त्यात बरं काहीच नसतं.

२६ नोव्हेंबर

पारू फोन उचलत नाही.

२७ नोव्हेंबर

आजही नाही. रूपालीचा मात्र उचलते! दार लोटून अर्धा तास कुजबुज. माझे कान तिखट आहेत, पण दारही जाड आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

रूपालीच्याच फोनवरून लावला. उचलला.

म्हटलं, "पारू, स्टेशन भंगार हाय, कबूल. पण डोळा तुझा हाय. ये बाई."

मग म्हणते, "येते. पण परत जाताना तू स्टेशनवर यायचं नाही."

"मग जागा कोण धरणार?"

"कोणी बी धरू दे. तू नको."

असं तोंडावर! ज्या भावानं हिच्यासाठी बरगड्यांत कोपरं खाल्ली त्याला! गिळलं. हो म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, डोळा राहील.

रूपाली तिला सोडायला गेली. मी दुकानात, समोरच ते स्टेशन. भोंग्यांच्या कालव्यातही "सोयगाव" बरोबर ऐकू आलं. पाय उठत होते. खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, त्याला चाकाची बॅग उलटी दाखवली म्हणे.

२ डिसेंबर

सकाळी रूपालीला विचारलं, काय गं, कुठली सीट काढली होतीस?

"खिडकीची."

"बघ! शेवटी खिडकीच ना!"

जरा घुटमळली. म्हणाली, "मामा, वारं लागलं की आत्याचा कान ठणकतो. लहानपणापासून. तुम्ही धरलेली खिडकी दर खेपेला हर्सूल आलं की दुसऱ्याला द्यायच्या. तुम्हाला कसं सांगणार, म्हणायच्या. या गाडीच्या काचा बंद असतात, म्हणून काढली."

काल पारू पहिल्यांदा सोयगावपर्यंत खिडकीत बसून गेली.