राणीच्या झग्याची कंबर

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी ताईकडे चाललेय. त्या राणीच्या सिनेमाच्या उद्याच्या पहिल्या खेळाचं तिकीट शिलाई मशीनवर आहे. एकच काढलंय, मला नाही यायचं.

देशाचा इतिहास, ती लढाई, राजाराणीचं प्रेम, ऐकून ऐकून कान किटले माझे. तुम्हाला इतिहासाचा एवढा पुळका कधीपासून? ती नटी राणीच्या झग्याचं माप द्यायला आपल्या शिंप्याच्या दुकानात आली, तेव्हापासून. 'काय नाजूक आहे गं!' म्हणालात. मग तिची उंची माझ्याएवढीच म्हणून टाचण्या टोचून घेत तासन्‌तास उभी कोण राहिली? मी. आणि ट्रेलरमध्ये ती राजाच्या गळ्यात पडली की श्वास रोखून बघता तुम्ही!

हे लिहितानाच टीव्हीवर तो ट्रेलर पुन्हा लागला. आज पहिल्यांदाच मी तिच्या तोंडाकडे न बघता झग्याकडे बघितलं. कमरेत चांगला सैल होतोय तिला, मुठीत धरून पळतेय बिचारी. तिचं माप समोर भिंतीवर लिहिलेलं असताना कापड मात्र माझ्या कमरेच्या मापाने बेतलंत!

तरी मी जातेच आहे. संध्याकाळी न्यायला या, आणि येताना माझंही तिकीट काढा.