बोटभर जागा

ता. ४ मार्च

चि. नातवास, आजीचे अ. आ.

शिंपीणबाई मशीन थांबवून लिहून घेताहेत, तेव्हा चुका त्यांच्या, टोमणे माझे.

घरच्या पत्रांचं तुझं पुस्तक पोचलं. कागद गुळगुळीत, फोटोत मीही बरी दिसते. पण आत्याला लिहिलेलं माझं पत्र बुटकं झालंय. दर मुद्द्यानंतर मी बोटभर जागा सोडायला लावते, म्हणून न वाचताही मला ते ओळखता येतं. फोनवर म्हणालास, सॉफ्टवेअर मोकळ्या जागा गिळतं. गिळू दे बापडं. पण शिंपीणबाईंना वाचायला लावलं, तर पाचाचे चारच मुद्दे! तुझ्या बापाने आत्याला घराबाहेर काढलं आणि मी दाराआड गप्प उभी राहिले, ते कुठंय? नेमकी तेवढ्याचीच भूक लागली होती का तुझ्या सॉफ्टवेअरला? ते पत्र टपालात टाकायचा मला धीर झाला नव्हता. पुस्तकातून तिला पोचेल म्हणून तुझ्या हाती दिलं होतं.

उत्तराची वाट बघतेय.
आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न.

सॉफ्टवेअर निर्दोष आहे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला मी खूण लावतो आणि कोणती खूण पानावर कशी उतरवायची, याचे नियम वेगळे लिहितो. मोकळ्या जागा खरंच एका नियमाने गेल्या. तुझ्या पाचव्या मुद्द्याला मात्र मी ‘घरगुती’ अशी खूण लावली आणि नियम लिहिला, छापू नकोस. बाबांनी तसं सांगितलं होतं. तुला वाचता येत नाही, कळणार नाही, असं वाटलं. मजकूर पुसलेला नाही गं, आत तसाच आहे, फक्त बाहेर येत नाही. आत्याकडेही हीच प्रत गेली.

राग धर, पण पत्र बंद करू नकोस.
तुझा नातू

ता. १९ मार्च

चि. नातवास,

आशीर्वाद आहेतच, ते काही मला तुझ्यासारखे लपवता येत नाहीत.

बापाचं तुझ्या मला नवल नाही. तू मात्र माझे डोळे होतास रे. आत्याचा निरोप आला. म्हणाली, पुस्तक मिळालं, आईला अजूनही काही म्हणायचं नाही हे कळलं.

आत आहे, फक्त बाहेर येत नाही, म्हणतोस. त्या दिवशी मीही आतच होते. तुला शिव्या द्यायला तोंड कुठून आणू?

उद्या सकाळच्या गाडीने तिच्याकडे निघालेय. तिथे शिंपीणबाई नसतील, कागद नसेल. पाचवा मुद्दा तिच्या दारात उभी राहून सांगेन.

लोभ आहे, पण यापुढे तोही बोटाने मोजून.
आजी