फोन कापसात पुरला हाय

रंजूताई,

भाकरी टोपल्यात हाय, वरण गरम करून घेजो. मी वाघमारे मॅडमसंग पोलीस ठाण्यात चालली. आईले सांगजो, घाबरू नको, मी लय खुशीत हाय!

काल मॅडमनं वर्गात विचारलं, जीव लावणारा माणूस कसा वागते? मी टेचात उठली. म्हटलं, प्रफुल्लनं मले फोन घेऊन देला, जिथं जाईन तिथून मिस्ड कॉल मागते. पोरी जळून पाहत होत्या. मॅडमनं हळूच विचारलं, "अन् नाही देला तं?" म्हटलं, हात पिरगाळते. माह्या तोंडचं मलेच तवा ऐकू आलं.

आज तक्रार देणार हाय. भाव नाही म्हणून बैठकीत पडलेल्या कापसाच्या ढिगात फोन खोल खुपसला. वाजू दे किती वाजते तो! त्यातले धमकीचे मेसेज पुसू नको, ठाण्यात मागतले तं काढू.

अन् ताई, साखरपुडा झाल्यापासून भाऊजींची रिंग आली की तू हातातली भाकर टाकून धावते, उचलाले उशीर झाला तं रडते. मले वाटे, प्रेम असंच असते.

ढिगात अजून लय जागा हाय.

उजू