अर्ध्या दाढीचा सिनेमा

सानगडी,
मंडईनंतरचा तिसरा दिवस, २००९

श्री. ताराचंद भाऊजी यांस कुंता वहिनीचा नमस्कार. (तुम्ही धाकटे दीर, खरे तर आशीर्वादच द्यायचा, पण डोके माझ्याआधी पांढरे करून बसलात, म्हणून नमस्कार.) रत्नाबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावे, गोळी घेतली म्हणजे गच्चीवर पापड टाकायला मोकळीक मिळाली असे होत नाही. तुमसरची हवा तुम्हाला मानवते, हे तुमच्या फोनवरच्या आवाजावरून कळले.

त्या फोनबद्दलच हे पत्र. तुमचे दादा गेल्यापासून त्यांचे दाढी-कटिंगचे दुकान दोन वर्षे बंद आहे, ते मोबाइलवाल्या कुलदीपला द्यावे, किल्ली न्यायला तुम्ही रविवारी येणार, तोवर वहिनींनी हो की नाही ते सांगावे, असे तुमचे म्हणणे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागद मधेच "बरं, बरं" म्हणत नाही, म्हणून लिहिते. उत्तर देणारच आहे. पण आधी मंडईतला सिनेमा ऐका.

दिवाळीनंतरच्या आपल्या मंडईच्या जत्रेत रात्री नाटक असतेच. यंदा मंडळाने बायाबापड्यांसाठी दुपारी समाजमंदिरात, खिडक्यांना ताडपत्री बांधून, सिनेमाही ठेवला. शेजारची शकुनबाई मला ओढतच घेऊन गेली. "सलूनचा सिनेमा हाय वयनी, तुमी तं पायजेच!" मला मुळीच जायचे नव्हते. दुकानाच्या गल्लीने मी दोन वर्षांत गेले नाही, बाजारालाही वळसा घालून जाते. मग सलून पाहून हसायचे कसे?

पण सिनेमा गुणाचा निघाला, खोटे कशाला सांगू. नाव मात्र सांगता येत नाही. चालवणाऱ्याने सीडीच्या दोन तबकड्यांतली दुसरी आधी लावली, आणि पहिलीवर नाव आले तेव्हा आम्ही सगळे मध्यंतराच्या चहाला बाहेर होतो. त्यामुळे सुरुवातीलाच लग्न लागले. नवरा शहरातल्या सलूनचा कारागीर, नवरी एका पुढाऱ्याची मुलगी, आणि तो पुढारी एका गालावर दाढी, एका गालावर काही नाही, असा उभा राहून अक्षता टाकत होता. का, ते कुणालाच कळेना. (मागून कोणीतरी म्हणाले, नवस असेल. सगळ्यांना पटले.) बायांनी डोळे पुसले. चहानंतर पाहतो तर तेच नवरा-नवरी एकमेकांना ओळखही दाखवीत नाहीत. शकुनबाई म्हणाली, "लग्न झाल्यावर असंच होते व बाई, आमच्या घरी पाहा ना!"

मला स्वतःला उलटसुलट गोष्टीचे काही वाटत नाही. वस्तरा पुसायला दादा वर्तमानपत्राचे चौकोन कापून ठेवत, उरलेले घरी आणत, त्यांवरच मी वाचायला शिकले. कित्येक बातम्यांचा शेवट मला आधी मिळाला आणि सुरुवात आठवड्याने.

तर पहिल्या तबकडीत पुढारी दाढीला बसतो. एक गाल होतो न होतो तोच कारागिराला रस्त्यावरून जाणारी ती मुलगी दिसते आणि तो वस्तरा ठेवून तिच्यामागे धावतो. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. नवसाचा उलगडा झाला ना! तेवढ्यात टेकचंद उभा राहिला. (दादांच्या दुसऱ्या खुर्चीवर त्याने वीस वर्षे काढली. दुकान मिटल्यापासून पेटी घेऊन खेड्यांतून फिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.) पडद्याकडे बोट करून ओरडला, "अबे थांब! अर्धी दाढी सोडून कोठी पळून राहिला बे? पोरगी काय गाडी हाय, सुटून जाईन?"

चालवणाऱ्याने घाबरून सिनेमाच थांबवला. "बस ना टेकचंद, सिनेमा हाय तो!"

"सिनेमा असो का काहीबी असो! त्यानं गळा देल्ला ना याच्या हातात? आमच्या वासुदेवदादाले सासरा गेल्याची खबर दुकानात आली होती. दाढी पुरी केली, मंगच उठले!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तो सासरा म्हणजे माझे बाबा. माहेराहून, कोंढ्याहून, आलेला माणूस आधी दुकानात गेला होता, आणि दादा अर्ध्या तासाने घरी आले. मी विचारले, उशीर का? म्हणाले, "गिऱ्हाईक होतं." एवढेच. बावीस वर्षे मी ते मनात ठेवले, आणि दर दिवाळीला एकदा तोंडावरही आणले. त्यांनी कधी दुसरा शब्द काढला नाही.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून गोपाळराव गुरुजी काठी टेकत उठले. "तो गिऱ्हाईक मीच होतो. वासुदेवच्या दोन्ही डोळ्यांतून धार लागली होती. मी म्हटलं, राहू दे, जा तू. तं म्हणते, गुरुजी, हालू नोका, वस्तरा गळ्यावर हाय. येक वरखडा उठला नाही मले."

मग मागून एकाने विचारले, "मंग गुरुजी, तुमी हालले का?"

"हाललो असतो तं आज इथं बोलून राहिलो असतो का बे?"

भाऊजी, समाजमंदिराचे पत्रे उडतील असे लोक हसले. मीही हसले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. दोन वर्षांनी हसले, आणि हसता हसता बाकीचेही डोळ्यांवाटे येऊन गेले. शकुनबाईने नुसता पाठीवर हात ठेवला.

पुढचा सिनेमाही फार छान झाला. त्या नटाने धावतानाही खांद्यावरचा रुमाल पडू दिला नाही, हे टेकचंदनेही कबूल केले. लागला तर जरूर पाहा, सरळ क्रमाने मिळाला तरी चालेल.

आता तुमचे उत्तर. तुम्ही घरातले कर्ते. कुलदीप सालस मुलगा आहे. तुम्ही ठरवाल त्याला माझी ना नाही. किल्ली खुंटीला आहे, रविवारी घेऊन जा.

तुमची,
कुंता वहिनी

ता. क. किल्ली खुंटीला आहे, पण कुलूप दुकानाला नाही. काल ते गंजून बसले होते म्हणून टेकचंदने फोडले. फोडायला मीच सांगितले.

दुसरा ता. क. आरसा मी पुसला. दादांच्या खुर्चीवर टेकचंद बसायला तयार होत नव्हता. मी म्हटले, अरे बाबा, बसायचे गिऱ्हाइकाने असते, तू उभा राहा. तेव्हा उभा राहिला. दुपारपर्यंत नऊ जणांच्या दाढ्या झाल्या.

शेवटचा ता. क. रविवारी या, नक्की या, पण दाढी करून येऊ नका, शनिवारीही नको. दादा गेल्यापासून तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हातून दाढी केली नाही, घरीच खरवडता, हे रत्नाबाईंनी मला सांगितले आहे. त्या खुर्चीत बसा. उठल्यावरही दुकान कुलदीपला द्यावेसे वाटले, तर किल्ली मागा. नवे कुलूप आणले आहे, त्याची किल्ली माझ्या कमरेला असते.