गिटार बघायला घरचं माणूस

२ डिसेंबर २०१८, रविवार

लिहीन लिहीन म्हणता पावसाळा गेला, दिवाळी गेली. वही आणली तेव्हा पहिल्या पानावर नुसतं ‘भिकन’ लिहिलं होतं आणि खाली एक मेंढी काढली होती. मेंढी बरी आली आहे. बाकी वही कोरी! आज मात्र लिहायचंच, कारण आज ठरलं. गिटार घ्यायची. दुकानातली नाही – हातानं केलेली.

याला कारण वेरूळ. लेण्यांच्या फाटकाशी टोप्या विकत होतो, तेव्हा एका पाहुण्यानं बुटाची नाडी बांधायला म्हणून त्याची गिटार माझ्याकडं धरायला दिली. मी हळूच एक तार छेडली. आवाज कानात नाही आला, बरगडीत आला! मांजर पोटाशी धरल्यावर गुरगुरतं ना, तसा. तो म्हणाला, ही एका माणसानं घरी बसून केली आहे.

माझी गिटार जुन्या बाजारातली, मान वाकलेली. तिच्यावर मायच्या ओव्या वाजवायला गेलो की पत्र्याचा डबा वाजतो.

टोप्यांचे पैसे साठलेत. आता गिटार करणारा शोधायचा.

५ डिसेंबर

नाही शोधला. दिवसभर विमानतळाच्या भिंतीबाहेर विमानं उतरताना बघत बसलो.

९ डिसेंबर, रविवार

सिल्लोडला जाऊन आलो. तिथं फर्निचर करणारे एक चाचा गिटारी पण करतात, असं कळलं होतं.

वाटेत फुलंब्री आली तसा सीटखाली वाकून चप्पल नीट करत बसलो. चप्पल नीटच होती. पण तिथंच पुढं एका शेतात आमची मेंढरं बसवलीत, आणि आबा, माझा बाप, रस्त्याकडेला असला तर? दिवाळीत मेंढरं टाकून टोप्या विकायला वेरूळला पळालो तेव्हापासून आबा बोलत नाही. नजरेस पडायची पण सोय नाही.

सिल्लोडात उतरलो आणि कापसाच्या गाड्यांची रांग बघत राहिलो. एक बैल दुसऱ्याच्या गाडीतला कापूस खात होता, मालक बिडी पीत होता. मजा! चाचांकडं पोचलो तर ते दुकान बंद करत होते. तरी दाखवल्या. काय सुंदर! पितळेचे मोर, शिंपल्याच्या वेली. मी वाजवली – आणि वाटलं, सर्दी झालेला माणूस बोलतोय. चाचांनी तोंडावरूनच ओळखलं. हसले.

“मेरी गिटार शादी के स्टेज पे रखने की चीज है बेटा. आवाज होना तो चिकलठाना जाव. वां एक पागल है. बोर्ड बी नै, दुकान बी नै. काकासाहेब बोलके पूछो.”

चिकलठाणा! अरे, मी राहतो तिथं!

११ डिसेंबर

सापडले!!

आमच्या खोलीच्या मागच्या गल्लीत! वेरूळहून आल्यापासून मी कडूबाबरोबर राहतो ती खोली, तिथून ओरडलं तर ऐकू जाईल. (कडूबा म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन. आमच्याच समाजाचा. जत्रेत ढोल वाजवतो, एरवी घोरतो.)

काकासाहेब जन्मभर कारखान्यासाठी लोखंड ओतायचे लाकडी साचे करत होते. रिटायर झाल्यावर गिटारी करायला लागले. पत्र्याच्या शेडमध्ये तीन टांगल्या होत्या. ना मोर, ना वेल. मधली घेतली. मायची ती मेंढरं ओढ्याला उतरतात ती ओवी वाजवली.

बरगडीत आली!

काकासाहेब रंधा मारत होते ते थांबले. “कुणाचं रं हे?”

“मायचं.”

“हं.” परत रंधा.

मी विचारलं, केवढ्याला द्याल? तर माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांच्या घरात थुंकलो.

“पोरगी बघायला एकटाच जातो का तू?”

“म्हणजे?”

“म्हंजे घरचं मोठं माणूस घेऊन ये. त्यानं ऐकायचं, हो म्हणायचं, मग दीन गिटार. आत्तापतुर दोन परत आल्या. एकीच्या पाठीत बापानं लाथ घातलेली. एक तर इहिरीतून काढून आणली. आता घरातल्याला नको असंल तर मी देतच नाय. जा.”

लई वाद घातला. “जा” वरून हलले नाहीत. पण गिटार आहे! जगात आहे! मागच्या गल्लीत आहे!

१२ डिसेंबर

मायच्या मोबाईलवर फोन लावला.

“माय, आबाला दे.”

“जेवलास का?”

“जेवलो. आबाला दे.”

मागून आबाचा आवाज – “म्हणावं, मेंढरं राखाया ये, मग बोलू.” आणि कुत्र्याला हाक मारत लांब गेला.

माय म्हणाली, “कशापायी पायजे व्हता तुला आबा?” सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “कसं वाजतं रं ते?” म्हटलं, तुला नाही कळायचं, माय. तू फक्त आबाला तयार कर.

“बरं,” म्हणाली.

१४ डिसेंबर

आबा येत नसेल तर चुलता चालेल! आणि चुलता तयार करता येतो. कडूबाला फेटा बांधून बघितला. मिशी आहेच. लई रुबाबदार दिसतो. त्याची एकच अट – मटण.

१६ डिसेंबर, रविवार

काय लिहू!

सुरुवात झकास झाली. कडूबा शेडमध्ये शिरला तोच असा, जणू शेड त्याच्या आज्यानं बांधली. काकासाहेबांनी पारखून विचारलं, “पोराच्या मायचं नाव काय हो, पाव्हणं?” मी गार! हे पाठच केलं नव्हतं. पण कडूबानं मिशीवर हात फिरवला. “वयनी म्हंतो आम्ही. भावजयीचं नाव कुठं घ्यावं?”

काकासाहेब खूष! “खानदानी माणूस हाय,” म्हणाले आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. जिंकलो! मी मधली गिटार काढून कडूबाच्या मांडीवर ठेवली. कडूबानं तिच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला, आणि तोंड वाकडं केलं.

“थंडीनं आवाज बसलाय हिचा.”

“असू दे, ठेव ती.”

“ठेव काय? शेकाया पायजे.”

कोपऱ्यात काकासाहेबांची शेगडी पेटलेली होती. लाकूड वाकवायला ते तिच्यावर नळी तापवतात. मी काही बोलायच्या आत कडूबानं गिटार शेगडीवर धरली – जत्रेत ढोल धरतो तशी, उलटीपालटी करत. ढोलाचं कातडं शेकलं की ताणतं, आवाज चढतो. आम्हाला हे दूध पितानाच कळतं. मलाही क्षणभर बरोबरच वाटलं! खरंच! मी म्हणालो, “जरा अजून.”

टॉक!!

तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी सुटून पत्र्यावर आदळली. तारा कडूबाच्या फेट्यात. दारात काकासाहेब, हातात तीन कप.

“सरसानं चिकटवलीय रं ती, गाढवांनो! सरस इतळतो!”

कडूबा फेट्यातली तार सोडवत म्हणाला, “ढोल असता तर फुटला नसता.”

मग माझ्याच तोंडून सुटलं – हा माझा चुलता नाही! काकासाहेब शेगडीशी येऊन बसले. तिन्ही चहा एकटे प्यायले.

१७ डिसेंबर

सकाळी सकाळी जाऊन शेडबाहेर बसलो. दुपारी दार उघडलं. “बसून काय करतो? आत ये. मोडली ती जोड.”

२३ डिसेंबर, रविवार

जोडली! मी! या हातांनी!

जुना सरस गरम पाण्यानं सोडवला, लाकूड खरवडलं. काकासाहेब मागून – “हळू! मेंढी भादरतोस का?” म्हटलं, मेंढी भादरणं याच्यापेक्षा अवघड आहे, तुम्ही एकदा करून बघा. हसले! पहिल्यांदा. नवा सरस लावला, शिकंज्यात आवळून ठेवली. आज तारा चढवल्या. ओवी वाजवली.

आधीपेक्षा चांगली वाजते. काकासाहेब म्हणतात, मुळीच नाही, तशीच वाजते. पण ते दोनदा म्हणाले, त्यावरून ओळखलं.

म्हटलं, आता तरी द्या.

“घोडी चिकटली. माझी अट पण चिकटलेलीच हाय. मोठं माणूस.”

२९ डिसेंबर

रोज जातो शेडवर. इतके दिवस मी कुठंच टिकलो नव्हतो. विमानं पण बघितली नाहीत!

फोन केला. आबा नाहीच म्हणतोय. माय म्हणाली, “मागं वाजतंय ते काय?” काकासाहेब तारा लावत होते. म्हटलं, तीच. मायनं तिकडं कुत्र्याला गप्प केलं. मग म्हणाली, “कुठशी हाय ते चिकलठाणा? इमानं उतरत्यात तिथं का?” व्हय म्हटलं, आणि फोन ठेवला. आबाचं काय करायचं तेच डोक्यात होतं.

६ जानेवारी, रविवार

लिहायला वेळ नाही, पण लिहितोय.

कडूबा पळत आला – “भिकन्या! तुझ्या घरचं माणूस आलंय! खरंखुरं!” मला वाटलं आबा! हातातलं टाकून बाहेर पळालो. आबा नव्हता.

माय. एकटी. डोक्यावर गाठोडं, पायावर पांढरी धूळ, विमानांच्या आवाजाच्या रोखानं विचारत विचारत आलेली.

काकासाहेबांनी स्टूल पुसून दिलं आणि जरा अडखळत विचारलं, “घरधन्याला विचारून आलात ना, बाई?”

माय म्हणाली, “त्यांनी ढोल घेताना मला कुठं विचारलं व्हतं?”

आता ती स्टुलावर बसली आहे. पदर कानामागं सारलाय. मला म्हणतेय – लिहू नको, वाजव.