मोगऱ्याची खुर्ची

प्रिय बाबा,

शाळेतून आली अन् पदरावरची खडूची धूळ न झटकताच लिहाले बसली. तुम्ही गेले त्याले दोन वर्षं झाले. पत्र कोणत्या डब्यात टाकू, मले ठाऊक नाही. पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय घास उतरणार नाही. दिवसभर पोरांपुढं पुस्तकातलं बोलते, तुमच्याशी आपलंच बोलते.

मागच्या अंगणात बसली आहे. वैनगंगेवरून गार हवा येऊन राहिली. तुमची बाग अजून तशीच आहे, अर्धी झोपेतली. मोडक्या खाटेवर दोडक्याचा वेल चढला, आईच्या जुन्या पेटीत सांभार उगवला, शाळेत मी त्याले कोथिंबीर म्हणते. "लाकूड म्हातारं झालं म्हणून काय चुलीत घालाचं?" असं म्हणत तुम्ही. कधी कधी वाटते, आपलं घरच हळूहळू चालत बाहेर आलं अन् झाडांत जाऊन बसलं.

अन् ती वेताची खुर्ची. भंडाऱ्याच्या ऑफिसात तुम्ही चपराशी. साहेबानं टाकून दिलेली खुर्ची डोक्यावर घेऊन पुलावरून कारध्याले चालत आले होते. आपल्या मोहल्ल्यातली पहिली खुर्ची! संध्याकाळी ती दारापुढं मांडून तुम्ही पेपर वाचत बसायचे, अन् मी पायरीवरून तुमचा थाट पाहत राहायची.

मग एक दिवस रस्त्यानं मालगुजार निघाले, साऱ्या गावच्या जमिनीचे जुने मालक. तुम्ही उठून उभे राहिले. त्यांनी तुमच्याकडं पाहिलंबी नाही. मी बारा वर्षांची, धम्मदीक्षेनंतर घरात जन्मलेली पहिली पोरगी. मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही उठले काहून?" साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं असन. तुम्ही पेपराची घडी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीची बैठक कापून काढली, तिथं मातीचं घमेलं बसवलं अन् मोगरा लावला.

"चांगली खुर्ची काहून नासवली?" आई म्हणाली.

"आता इच्यावरून कोणी कोणाले उठवत नाही."

मले तेव्हा हसू आलं होतं. त्यानंतर तुम्ही जन्मभर खालीच बसले. मले एकदा तरी रागवाचं होतं न, बाबा?

आज तेच मालगुजार नातीचं नाव टाकाले शाळेत आले. म्हातारे झाले आता. मी खुर्चीवर बसून हजेरी घेऊन राहिली होती. ते दारात दिसले अन् माझे गुडघे आपोआप उठले. म्हाताऱ्या माणसासाठी उठणं वेगळं, ते तुम्हीच शिकवलं. हे तसं उठणं नव्हतं. अर्धी उभी झाली तेव्हा कळलं, त्या दिवशी तुम्हीबी उठाचं ठरवलं नव्हतं. आजोबा, पणजोबा, सारेच माझ्या गुडघ्यांत उभे होते. लय लाज वाटली, अन् तुमची लय आठवण आली. बारा वर्षांच्या पोरीले हे तुम्ही कसं सांगितलं असतं? तो प्रश्न मी परत घेते, बाबा.

सोमवारी ते जन्माचा दाखला घेऊन पुन्हा येणार आहेत. त्यांच्यासाठी समोर खुर्ची मांडून ठेवीन. "बसा" म्हणीन. पोरीचं नाव माझ्या अक्षरानं रजिस्टरात लिहीन. अन् ते दारात आले की गुडघे मले काहीबी सांगोत, मी बसूनच राहीन.

तुमची मास्तरीण,
कुंदा